वळणावर मागच्या चाकातून आवाज येतोय? बेअरिंग बदलण्याआधी हे तपासा

"सरळ रस्त्यावर काही नाही, वळवली की मागून आवाज येतो." नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या गॅरेजमध्ये ही तक्रार बाराही महिने येते, पावसाळ्यात जास्त. बहुतेक गिऱ्हाइकं सोबत निदानही घेऊन येतात: "मिस्त्री, बेअरिंग गेलंय, बदलून टाका." कधीकधी ते खरंही असतं. तरी मी बेअरिंगला हात शेवटी लावतो. का, ते पुढे येईलच. आधी आवाज नीट ओळखू या, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

कोणता आवाज येतोय?

घूंऽऽ: लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा सलग आवाज. ताशी ४० च्या आसपास जाणवायला लागतो, वेगाबरोबर चढतो, एका बाजूला वळताना वाढतो आणि दुसऱ्या बाजूला वळताना दबतो. हा बेअरिंगचा असतो किंवा टायरचा. या दोघांत जेवढी गल्लत होते तेवढी दुसऱ्या कशात होत नाही.

खस्स... खस्स... खस्स: चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. हळू चालवलं तर मोजता येतो. काहीतरी घासतंय, ब्रेकचा ड्रम, डिस्कमागचा पत्रा किंवा चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक.

किर्रर्र: पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, अंगावर काटा आणणारा. अचानक सुरू झाला असेल तर बहुधा खडा अडकलाय.

ठक्: वळणात शिरताना एकदा आणि गाडी सरळ होताना एकदा. चाकाच्या फेऱ्यांशी याचा संबंध नाही. बुश (जोडांमधलं रबर), शॉकअपचा नट किंवा डिकीत सुटं पडलेलं सामान.

कुंई-कुंई: जुन्या झोपाळ्याच्या कडीसारखा. गतिरोधकावरही येतो. रबर वाळलंय.

कट्-कट्-कट्: स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढली की येतो. हा मागचा वाटतो, पण बहुतेक वेळा पुढचा असतो. आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि त्यांच्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट झिजला की तो असा वाजतो. बंद काचांच्या गाडीत आवाज पत्र्यातून फिरतो आणि मागून आल्यासारखा भासतो.

म्हणून पहिल्याच फेरीला कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा, चारही काचा खाली करा आणि एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीलगत हळू चालवा. भिंतीवर आपटून आवाज कानात परत येतो आणि पुढचा की मागचा, डावा की उजवा हे बऱ्यापैकी कळतं. अंबड-सातपूरला कारखान्यांच्या भिंती आहेत, रविवारी रस्तेही मोकळे असतात. मागचं ऐकायला म्हणून डिकीत मात्र कुणालाही बसवू नका. असं करणारे लोक मी पाहिलेत.

वजन कोणत्या चाकावर जातंय?

मागची चाकं वळत नाहीत, पुढच्यांच्या मागे ओढली जातात. मग त्यांचा आवाज वळणावरच का यावा? कारण वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला सरकतं. एसटी वळली की उभा माणूस बाहेरच्या बाजूला झुकतो, तसंच. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर, उजवीकडे वळली की डाव्या चाकांवर. दुखऱ्या पायावर वजन पडलं की माणूस कण्हतो. चाकाचंही तसंच आहे.

तेव्हा घूंऽऽ आवाज डावीकडे वळताना वाढत असेल तर संशय उजव्या चाकावर, उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्यावर. तपासायला सर्कल सोयीचं. आपल्याकडे सर्कलला गाडी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, म्हणजे सगळा वेळ उजवीकडे वळत असते. पहाटे रहदारी नसताना दोन चकरा मारा. चकरेत आवाज वाढला तर आधी डावं मागचं चाक बघायचं. हा ताळा बहुतेक वेळा बरोबर येतो, दर वेळी येत नाही. काही बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात आणि कोणती ओळ खराब आहे त्यावर उलटही होतं. म्हणून चाक उचलून हाताने खात्री केल्याशिवाय मी भाग मागवत नाही. घासण्याच्या आणि ठक् आवाजाला तर हा नियम लागूच पडत नाही.

एक जोडचाचणी: मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ५० ला असताना क्लच दाबा. इंजिनाचा आवाज पडला आणि घूंऽऽ तसाच राहिला, तर दोष इंजिनाकडे नाही, बहुधा चाकांकडे आहे.

आता तपासण्या. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी.

डिकी पूर्ण रिकामी करा

पूर्ण म्हणजे पूर्ण. चटई उचला, स्टेपनी हलवून बघा, जॅक आणि पाना त्यांच्या खाचेत घट्ट आहेत का ते बघा. पंक्चर काढल्यावर स्टेपनीचा मधला बोल्ट अर्धवट फिरवून सोडलेला असतो, मग नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना प्रत्येक वळणाला ठक्, ठक्. दर्शनाला निघालेलं अख्खं कुटुंब घाबरून जातं.

स्टेपनीच्या खड्ड्यात पाणीही साचतं. डिकीच्या दाराचं रबर फाटलं असेल तर इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात एका फेरीत तळाला पाणी उभं राहतं आणि वळणावर डचमळतं. पाणी पुसा, रबर बदला, विषय संपला.

सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरच्या पट्ट्या आणि ब्रॅकेट डोळ्यांनी बघा, हाताने हलवून बघा. पन्नास-साठ किलोचा सिलिंडर सैल झाला तर वळणावर चांगलाच धक्का देतो. इथे पाना मात्र लावू नका. सिलिंडर सैल दिसला की तपासणी थांबवा आणि अधिकृत सीएनजी केंद्रात गाडी न्या. त्याची दर ३ वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

डिकी रिकामी करून पुन्हा तीच चक्कर मारा. आवाज गेला तर शोधही संपला.

चाकाचे नट

हे काम दोन मिनिटांचं, पण या अख्ख्या यादीत सगळ्यात महत्त्वाचं. पंक्चर काढलं, टायर बदलले, अलाइनमेंट केलं आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत आवाज सुरू झाला, तर आधी नट. सैल चाक सरळ रस्त्यावर गप्प राहतं. वळणावर बाजूचा जोर आला की हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) सरकतं आणि खट-खट करतं. वेग कमी असला तर हा आवाज इतका मामुली वाटतो की लोक आठवडा-आठवडा गाडी तशीच चालवतात. तसं चालवत राहिलं तर नट निघून चाक सुटू शकतं.

गाडी जमिनीवर असतानाच पान्याने प्रत्येक नट घट्ट करून बघा, समोरासमोरचे नट आळीपाळीने. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर टॉर्क लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, त्याने बोल्ट ताणला जातो. नट नुसता गोल फिरतोय आणि घट्टच होत नाही, बोल्ट तुटलाय, किंवा रिमची भोकं लांबट झाली आहेत असं दिसलं, तर गाडी तिथून हलवू नका. टो करून न्या.

टायर: आधी बघा, मग तळहात फिरवा

आधी हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर लिहिलेली हवा टायर थंड असताना भरा. हवा कमी असली की टायर वळणावर मुडपतो आणि किंचाळतो. मॉलच्या तळघरातल्या गुळगुळीत फरशीवर मात्र चांगले टायरही किंचाळतात, तो दोष नाही.

मग टायर डोळ्यांनी नीट बघा, कुठे तार बाहेर आली आहे का. नसेल तर टायरच्या पृष्ठभागावरून तळहात गोलाईच्या दिशेने फिरवा, एकदा पुढे आणि एकदा मागे. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीच्या दातांसारखं लागत असेल, तर तुमचा घूंऽऽ बहुधा तिथून येतोय. आतल्या कडेवरही हात फिरवा. बाहेरची बाजू नवीकोरी आणि आतली दातेरी, असे टायर मी नेहमी बघतो.

हे मागच्याच टायरला जास्त का होतं? पुढे इंजिन असलेल्या छोट्या गाडीत मागच्या बाजूला वजन कमी असतं. हलकं चाक, त्यात शॉकअप थकलेला. मग ते रस्त्याला चिकटून न राहता बारीक बारीक उड्या मारतं आणि प्रत्येक उडीला टायरचा एक दाणा जरा जास्त झिजतो. आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे फिरवले नाहीत की वर्षभरात दात तयार.

टायर आणि बेअरिंग यांत फरक करायचा असेल तर रस्ता बदलून बघा. समृद्धी महामार्ग काँक्रीटचा आहे. नाशिकहून इगतपुरीपर्यंत डांबरावरून जा आणि तिथे समृद्धीला लागून त्याच वेगाने चालवा. टायरचा आवाज रस्त्याबरोबर लगेच स्वर बदलतो. बेअरिंग डांबर असो की काँक्रीट, आपला स्वर सोडत नाही. त्याहून पक्की चाचणी म्हणजे मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे लावणं. आवाज पुढे सरकला तर टायर. पंक्चरवाला थोडक्या पैशांत हे करून देतो. टायरच्या बाजूवर बाण असेल तर तो टायर त्याच बाजूला ठेवा, डावा डावीकडेच.

इथेच माझी एक जुनी चूक सांगायला हवी. गॅरेज टाकलं त्याला वर्षही झालं नव्हतं. गंगापूर रोडचे एक शिक्षक गाडी घेऊन आले. घूंऽऽ आवाज, डावीकडे वळताना वाढणारा. मी चक्कर मारली आणि उजवं बेअरिंग बदललं. आवाज तोच. मग डावंही बदललं. आवाज तोच. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुम्ही एकदा टायरला हात लावून बघितला का?" लावला. दात. टायर पुढे-मागे केले आणि आवाज पुढे गेला. मी मजुरी परत केली, पण दोन चांगली बेअरिंग काढून फेकली होती ती फेकलीच. त्या दिवसापासून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे, आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी मी तो मोडत नाही.

घासणारं काही आहे का?

मागच्या चाकाची कमान टॉर्चने बघा. आतल्या प्लास्टिकची क्लिप निघालेली असते, मडफ्लॅप वाकलेला असतो, किंवा शोभेसाठी रुंद टायर टाकलेले असतात. चाक तर वळत नाही, मग घासतं कसं? वळणावर गाडी कलते आणि बाहेरच्या बाजूची कमान टायरवर खाली येते. गाडी भरलेली असेल तर आणखी. टोमॅटोच्या हंगामात २० किलोची दहा क्रेट मागे टाकली तर ते मागच्या सीटवर तीन माणसं बसवल्यासारखंच झालं, आणि वर समोरच्या सीटवरही माणसं असतात. म्हणूनच काही गाड्या रिकाम्या शांत असतात आणि पिंपळगावला माल घेऊन निघाल्या की वळणावर घासतात. कमानीच्या आतल्या बाजूला खडू फासा, नेहमीच्या भाराने एक चक्कर मारा. जिथे खडू पुसला गेलाय तिथे टायर लागतोय.

निफाड-दिंडोरीकडच्या लोकांनी आणखी एक बघायचं: रिमच्या आत वाळलेली काळी माती. ओल्या शिवारातून गाडी काढली की ही माती रिमच्या आत थापली जाते आणि दोन दिवसांत दगडासारखी होते. चाकाचा तोल जातो, आणि ढेकूळ मोठं असेल तर ते ब्रेकच्या पाठीमागच्या पत्र्याला घासतं. काठीने काढा, साध्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा हबच्या मधोमध जवळून मारू नका. सीलमधून पाणी आत गेलं की बेअरिंगचं ग्रीस धुऊन निघतं.

किर्रर्र आवाज असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यामध्ये खडा शोधा. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर रस्त्यांची कामं चालू आहेत, खडी पसरलेली आहे, त्यामुळे सध्या हे फार दिसतंय. मोकळ्या जागेत गाडी हळू मागे-पुढे घेतली तर खडा पुष्कळदा आपोआप पडतो. पडला नाही तर गाडी थंड झाल्यावर लांब स्क्रू-ड्रायव्हरने तो पत्रा डिस्कपासून मिलिमीटरभर दूर ओढा. डिस्कवर ओरखडा पाडू नका.

हँडब्रेक आणि ड्रम

पावसात रात्रभर गाडी उभी राहिली की ड्रमच्या आत गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिली दोन वळणं खसखस, मग शांत. याला काहीही करायचं नाही.

आवाज जात नसेल तर हँडब्रेक पूर्ण सुटतोय का बघा. केबलमध्ये पाणी-माती गेली की ती अडकते आणि लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटून राहतात. दहा किलोमीटर चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. जवळ न्या, लावू नका. ड्रम भाजण्याइतका तापलेला असू शकतो. एकाच मागच्या चाकातून धग येत असेल तर ते चाक ओढतंय. धगीसोबत जळका वासही येत असेल तर पुढे चालवू नका, गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्या.

आणखी एक चाचणी, फक्त साध्या दांड्याच्या हँडब्रेकसाठी. रिकामा, सरळ, कोरडा रस्ता, वेग ताशी २०, मागे कुणी नाही. हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवा आणि दांडा अगदी हलका वर घ्या. आवाज बदलला किंवा थांबला तर दोष ब्रेकमध्ये. वळणावर ही चाचणी करायची नाही, ओल्या रस्त्यावर नाही आणि बटणाच्या इलेक्ट्रिक हँडब्रेकवर तर मुळीच नाही.

पावसाळ्यात सपाट जागी गाडी लावताना मी स्वतः हँडब्रेक ओढत नाही. गाडी गिअरमध्ये टाकतो आणि चाकाला दगड लावतो. केबलचा त्रास निम्म्याने कमी होतो.

ड्रम उघडणं हे ज्याने आधी केलंय त्याचंच काम. आत ताणलेल्या स्प्रिंगा असतात, उडाल्या तर डोळा जाईल. आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ड्रमच्या आत ब्रेक ऑइल झिरपलेलं दिसलं तर त्या गाडीचा ब्रेक भरवशाचा राहिलेला नाही, ती चालवत गॅरेजला आणायची नाही.

ठक् आणि कुंई: रबरं, शॉकअप, सायलेन्सर

सायलेन्सर थंड असताना मुठीने ठोका. लटकवायचं रबर तुटलं असेल तर तो वळणावर मागच्या बीमला (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या भागाला) आपटतो. रबर स्वस्तात येतं.

मग मागच्या कोपऱ्याजवळ उभं राहून गाडी बाजूने ढकला, डावीकडे-उजवीकडे हलवा. दुसऱ्या माणसाने शॉकअपच्या वरच्या नटाजवळ कान द्यायचा. ठक् ऐकू आलं तर नट सैल आहे किंवा बुश गेलाय. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर तो संपला, जोडीनेच बदला. कुंई-कुंई साठी एकेका बुशवर साधं पाणी शिंपडा आणि गाडी दाबा. पाण्याने आवाज थोडा वेळ गेला तर तेच रबर. ऑइल-ग्रीस मारू नका, त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात आवाज दुप्पट होतो. स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटलेला दिसला तर तिथेच थांबा. स्प्रिंग बदलायला योग्य हत्यार लागतं आणि ती दाबलेली असताना सुटली तर जीवघेणी असते.

जीपच्या पद्धतीच्या गाड्या, ज्यांत ताकद मागच्या चाकांना जाते, त्यांचं प्रकरण वेगळं. तिथे डिफरेन्शियलचं तेल किती आहे ते बघावं लागतं, पाट्यांचे बुश बघावे लागतात. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळणं घेत असाल तर गाडी अडखळत कुरकुरणारच. आधी टू-व्हीलवर घ्या.

आता बेअरिंग

इथवर येऊनही घूंऽऽ तसाच असेल, तेव्हा चाक उचलायचं.

जमीन सपाट आणि टणक हवी. मागचं चाक उचलणार म्हणजे हँडब्रेक सुटलेला असणार, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढे ताकद जाणारी गाडी असेल तर गिअरमध्ये ठेवा. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा, मागच्या बीमच्या मधोमध नाही. शेजारी लोखंडी स्टँड द्या, आणि काढलेली स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा; जॅक सरकलाच तर गाडी तिच्यावर बसेल. नुसत्या जॅकच्या भरवशावर शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही.

चाक वर-खाली दोन हातांनी धरा, घड्याळातल्या १२ आणि ६ वर, आणि आत-बाहेर हलवा. किंचितही कटकट किंवा ढिलाई जाणवली तर बेअरिंग गेलं. ढिलाई नसेल तर एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं वरच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगलं बेअरिंग फिरलेलं बोटांना कळतही नाही. खराब बेअरिंग जात्यात खडा आल्यासारखं खरखरतं. मग दुसऱ्या बाजूचं चाक उचलून तसंच करा, कारण एकाच चाकाचा अंदाज फसवतो. दोन्ही हाताला लागले की फरक लगेच कळतो.

बेअरिंग खराब होतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: पाणी आणि खड्डा. पाण्याने ग्रीस जातं आणि गंज येतो. खड्ड्यात जोरात चाक आपटलं की आतल्या गोळ्या कडीवर बारीक खळगे पाडतात. त्या दिवशी काही कळत नाही. काही हजार किलोमीटरनंतर तेच खळगे खवल्यांसारखे उलगडतात आणि गिरणी सुरू होते. म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतो, मागच्या काही महिन्यांत कुठे मोठा खड्डा बसला का? बहुतेकांना तो खड्डा जागेसकट आठवतो.

बदलण्याचं काम घरी करू नका, हे मी मनापासून सांगतो. काही गाड्यांत हबसकट अख्खा जोड बोल्टने बसतो, काहींत बेअरिंग ड्रममध्ये किंवा हबमध्ये दाबून बसवावं लागतं. त्याला प्रेस लागतो. माझ्याकडे प्रेस नाही, म्हणून असं काम मी अंबडच्या एका लेथवाल्याकडे पाठवतो. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग त्याच दिवशी मरतं. आवाज काही महिन्यांनी सुरू होतो, एवढाच काय तो फरक. दाब बाहेरच्या कडीवर द्यायचा असताना आतल्या कडीवर दिला तर गोळ्या खळगे पाडतात, खड्ड्याने पाडावेत तसेच. एबीएसच्या गाडीत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी कडं असतं, ते उलट बसलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. हबचा मोठा नट शक्यतो नवीन घ्यावा आणि पुस्तकातल्या टॉर्कनेच आवळावा.

बेअरिंग नवीन, तरी आवाज परत

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या गाडीचं उजवं मागचं बेअरिंग दीड वर्षात तीनदा बदलून झालं होतं, वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणाले, "भाऊ, आता गाडीच विकतो." मी जुनं बेअरिंग मागितलं. त्यांनी सुदैवाने डिकीत ठेवलं होतं. आतल्या कडीच्या आतल्या बाजूला निळसर, घासल्याच्या खुणा होत्या. म्हणजे बेअरिंग आत फिरत होतं आणि सोबत त्याची आतली कडीही, ती ज्या दांड्यावर घट्ट बसायला हवी त्या दांड्यावर, फिरत होती. ड्रम काढला, दांड्यावर बोट फिरवलं, नखाला पायरी लागली. दांडाच झिजलेला होता. पहिलं बेअरिंग जाम होईपर्यंत गाडी चालवली गेली होती, तेव्हाच हे झालं असणार. त्या दांड्यावर कितीही चांगलं बेअरिंग बसवलं तरी ते हलत राहणार. दांडा बदलला, त्यावर चौथं बेअरिंग. त्याला आता तीन पावसाळे झाले.

तेव्हा मिस्त्रीकडून जुना भाग नेहमी मागून घ्या, घरी ठेवा. आवाज परत आला तर पहिला साक्षीदार तोच असतो. दांडा झिजलेला नसेल तर पुढचे संशयित म्हणजे हातोडीने बसवणं, नकली भाग आणि वाकलेला बीम. बीम वाकला की चाक तिरकं पळतं आणि टायर, बेअरिंग दोन्ही खातं. पुष्कळ अलाइनमेंटवाले फक्त पुढची चाकं जुळवतात, कारण छोट्या गाड्यांत मागची जुळवायची सोय नसते. जुळवता आली नाहीत तरी मोजता येतात. मागच्या चाकांचं रीडिंग छापून मागा आणि मिस्त्रीला दाखवा.

कधी थांबायचं

१२-६ वर धरलेलं चाक हलतंय; लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आहे; एका चाकातून धग आणि वास येतोय; ब्रेकचा पेडल नरम झालाय किंवा ब्रेक-एबीएसचा दिवा लागलाय; आवाज कालच्यापेक्षा आज स्पष्ट मोठा आहे. यातलं एकही असेल तर स्वतःची तपासणी बंद करा आणि मिस्त्रीला जागेवर बोलवा किंवा गाडी टो करा. "कसाऱ्यापर्यंत जाऊन येतो, मग बघू" असं म्हणू नका. घाट उतरताना वळणं आणि ब्रेक दोन्ही एकदम लागतात, आणि दुखऱ्या चाकावर तिथेच सगळ्यात जास्त भार येतो.

गॅरेजला जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: आवाज कोणत्या वेगाला येतो, कोणत्या बाजूला वळताना वाढतो, गाडी रिकामी होती की भरलेली, आणि त्याआधी गाडीवर काय काम झालं होतं. एवढं लिहून आणलं की माझा निदानाचा अर्धा तास वाचतो आणि तुमचा खर्च.

काम झाल्यावर त्याच सर्कलला, त्याच वेगाने, त्याच दोन चकरा मारा, मिस्त्रीला शेजारी बसवून. घरी पोचल्यावर चाकाजवळ हात नेऊन धग बघा. आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.